वीज कंपनीचं टेंडर भरताय? नोटीस निघाल्यापासून डिपॉझिट हातात येईपर्यंत कायदा कुठे कुठे कामाला येतो

भाच्याचा फोन आला, "मामा, रिजेक्ट व्हई गयं." स्वतःच्या लायसनवर भरलेलं त्याचं पहिलंच टेंडर होतं, एलटी (लघुदाब) लाइन आणि डीपी (ट्रान्सफॉर्मरचा जोडखांब) शिफ्टिंगचं काम. कारण काय दिलं तर म्हणे अनुभवाचा दाखला विहित नमुन्यात नाही. पोरगं महिनाभर गप्प बसलं, साहेबांना भेटू, बघू, करत राहिलं. मग कळलं की ज्याला काम मिळालं त्याचाही दाखला तसाच साध्या लेटरहेडवर होता. आम्ही वकिलाकडे गेलो तोवर चाळीस दिवस उलटले होते, रस्त्याच्या कडेला खांब येऊन पडलेले, खड्डे सुरू. वकील म्हणाले, मुद्दा खरा आहे हो, पण उशीर झालाय.

त्या दिवसापासून ठरवलं होतं की हे सगळं एकदा नीट लिहून काढायचं. आपल्या जळगाव-धुळे-नंदुरबारात लायसन काढलेली भरपूर पोरं आहेत, हाताने काम उत्तम येतं, पण टेंडरचा कागद आला की घाबरतात नाहीतर नुसत्या ओळखीवर विसंबतात. दोन्हीत नुकसान आहे. खाली मी वीज कंपनी धरून लिहितोय, कारण माझं आयुष्य त्यात गेलं, पण पाणीपुरवठा योजना असो की दुसरी कुठली सरकारी सेवा कंपनी, मूळ नियम तेच.

आधी समोर कोण आहे ते ओळखा

जून २००५ मध्ये जुन्या वीज मंडळाचे तुकडे झाले, वीज कायदा २००३ प्रमाणे. निर्मिती महानिर्मितीकडे (आपलं दीपनगर), मोठ्या लाइनी महापारेषणकडे, आणि आपल्या गावापर्यंतची वीज महावितरणकडे. तिन्ही कंपन्या आहेत पण मालकी सरकारची, म्हणून राज्यघटनेच्या कलम १२ प्रमाणे त्या 'राज्य' धरल्या जातात, आणि कलम १४ चा समानतेचा नियम त्यांना लागू होतो. मनाला येईल त्याला काम देता येत नाही. आपला सगळा हक्क या एका गोष्टीवर उभा आहे.

खाजगी कंपनी असेल तर गोष्ट बदलते. जळगाव शहरात काही वर्षं वितरण फ्रँचायझीकडे होतं, आठवत असेल. अशा खाजगी कंपनीने तुम्हाला सबकॉन्ट्रॅक्ट दिलं नाही म्हणून कलम १४ घेऊन हायकोर्टात जाणं फार अवघड, तिथे तुमचा करार जे म्हणतो तेवढंच तुमचं. म्हणून मोठ्या एजन्सीच्या हाताखाली काम घेताना वर्क ऑर्डर लेखी घ्याच. मोठ्या योजनांची कामं मोठ्या एजन्सीला जातात आणि आपली पोरं त्यांच्या खाली तोंडी भावावर राबतात, मग बिल अडकलं की वीज ऑफिसात जातात आणि ऑफिस म्हणतं तुमचा आमचा करारच नाही. ते खरंच असतं.

आता कायदा कुठला? तामिळनाडूने १९९८ मध्ये टेंडरचा स्वतंत्र कायदा केला, कर्नाटकने १९९९ मध्ये, राजस्थानने २०१२ मध्ये. महाराष्ट्रात असा एकच कायदा नाही, आणि देशपातळीवर २०१२ साली सार्वजनिक खरेदीचं विधेयक आलं होतं ते पास न होताच गेलं. त्यामुळे आपल्याकडे नियम तुकड्या-तुकड्यांत आहेत: घटना, करार कायदा १८७२, राज्याची खरेदी नियमपुस्तिका (१ डिसेंबर २०१६ चा उद्योग विभागाचा शासन निर्णय), कंपनीचे स्वतःचे नियम आणि परिपत्रकं, सर्वोच्च न्यायालयाचे निकाल, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे त्या टेंडरचं स्वतःचं पुस्तक. हो, टेंडर डॉक्युमेंट हाच तुमच्या कामापुरता कायदा. ते शंभर पानांचं असलं तरी वाचायचं.

केंद्राच्या कंपन्या, रेल्वे वगैरे (भुसावळला रेल्वेची कामं भरपूर निघतात) यांचं वेगळं, तिथे केंद्राचे २०१७ चे सर्वसाधारण वित्तीय नियम किंवा त्यांच्या स्वतःच्या पुस्तिका चालतात. दोन्हीची गल्लत करू नका, पुढे ईएमडीच्या (टेंडरसोबत भरायच्या अनामत रकमेच्या) मुद्द्यात ही गल्लत नडते.

आणि कंपनी वीज विकत घेते तो प्रकारही वेगळाच. वीज कायद्याच्या कलम ६३ प्रमाणे पारदर्शक बोलीतून निघालेला दर वीज नियामक आयोग मान्य करतं. सौर कृषी वाहिनीचे प्रकल्प तसे बोलीतून गेलेत, आपल्याकडे ज्यांनी त्यासाठी जमीन भाड्याने दिली त्यांचा करार त्याच साखळीत येतो. तो विषय मोठा आहे, इथे आपण कामाच्या टेंडरपुरतं बोलू.

नोटीस निघाली: पहिल्या दोन दिवसांत काय बघायचं

छोटी कामं विभागात कार्यकारी अभियंत्याच्या पातळीवर निघतात, त्यावर मंडळात अधीक्षक अभियंता, मग परिमंडलात मुख्य अभियंता, आणि मोठी कामं थेट मुंबईहून प्रकाशगडवरून. कोणाला किती रकमेपर्यंत अधिकार ते ठरलेलं असतं. एकच काम तुकडे करून खालच्या अधिकारात बसवणं हे नियमाविरुद्ध आहे, आणि ऑडिट यावरच पहिलं बोट ठेवतं.

डॉक्युमेंट डाउनलोड केलं की मी पेन घेऊन चार गोष्टींना गोल करतो. पात्रतेच्या अटी (टर्नओव्हर, अनुभव, लायसनचा वर्ग), चार तारखा (प्री-बिड म्हणजे भरण्याआधीची शंकांची बैठक, शंका विचारायची शेवटची, भरायची शेवटची, उघडायची), ईएमडी आणि टेंडर फी कशी भरायची, आणि कागदांचे नमुने. नमुने म्हणजे शेवटी जोडलेले ते परिशिष्ट अ, ब, क. माझ्या पाहण्यात बहुतेक पोरं तिथेच मार खातात, दरावर फार कमी.

भाच्याचंच बघा ना. दाखला खरा होता, काम खरं केलेलं होतं, पण नमुन्यात एक ओळ होती, 'काम समाधानकारक पूर्ण केल्याचा दिनांक', ती त्याच्या दाखल्यात नव्हती. जुन्या कामाच्या ऑफिसात जाऊन नमुन्यावर सही आणायला चार दिवस लागतात, साहेब दौऱ्यावर असले तर आठ. म्हणून नमुना पहिल्या दिवशीच प्रिंट काढून पाठवायचा.

प्रतिज्ञापत्राचं पण तसंच, स्टॅम्प पेपरवर म्हटलं असेल तर स्टॅम्पवरच, आणि २०२४ च्या ऑक्टोबरपासून शंभरच्या जागी पाचशेचा लागायला लागला हे विसरू नका. जुनं प्रतिज्ञापत्र स्कॅन करून परत परत टाकायची सवय असते ती सोडा, त्यावर टेंडर नंबर आणि तारीख या टेंडरचीच पाहिजे.

प्री-बिड: भांडायचं असेल तर इथे

माझं सगळ्यात कळकळीचं सांगणं हेच आहे, बाकी काही नाही वाचलं तरी चालेल. अट जाचक वाटली, एखाद्याच एजन्सीच्या मापाची वाटली, तर टेंडर भरायच्या आधी लेखी विचारा. भरल्यावर नाही. कारण तुम्ही अट वाचून, मान्य आहे असं डिजिटल सही करून लिहून देता आणि भाग घेता, आणि हरल्यावर म्हणता अट चुकीची होती, तेव्हा कोर्ट पहिलं हेच विचारतं की मग भरलं कशाला.

पत्र साधं लिहा. टेंडर क्रमांक, पान क्रमांक, अट क्रमांक, अट काय म्हणते ते जसंच्या तसं, आणि खाली तुमचा प्रश्न. उदाहरणार्थ काम वीस लाखाचं आणि अनुभव मागितलाय एका कोटीच्या एका कामाचा, तर लिहा की कामाच्या किमतीशी या अटीचा संबंध कळवावा, ही अट ठेवली तर स्पर्धा कमी होते, कृपया शिथिल करावी. रागावून लिहू नका, कोणाचं नाव घेऊन आरोप तर अजिबात नको. ईमेल करा आणि आवक-जावकमध्ये देऊन पोच घ्या, दोन्ही. पोचेवरचा तो गोल शिक्का आणि तारीख, ती पुढे हजार शब्दांच्या बरोबरीची असते.

उत्तर बहुतेक वेळा शुद्धिपत्रक म्हणून पोर्टलवर येतं. शुद्धिपत्रक हे टेंडरचाच भाग होतं. ते डाउनलोड करून सही करून जोडा असं लिहिलेलं असेल तर जोडाच, आणि शेवटच्या दिवसापर्यंत रोज पोर्टल उघडून बघा, कारण एसएमएस येईलच असं धरून चालता येत नाही.

अर्थात अटी ठरवायचा कंपनीला बराच मोकळा हात आहे हेही समजून घ्या. नागपूर मेट्रोच्या प्रकरणात २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की टेंडर ज्याने लिहिलं त्यालाच त्याचा अर्थ चांगला कळतो, त्याने लावलेला अर्थ मनमानी किंवा दुष्ट हेतूचा नसेल तर कोर्टाने त्यात हात घालू नये. म्हणून शंका आधी विचारून अर्थ लेखी घेतलेला बरा.

ईएमडी आणि उद्यम सर्टिफिकेट

यावरून दरवर्षी कोणीतरी अडकतं. केंद्राचं २०१२ चं सूक्ष्म व लघु उद्योगांचं खरेदी धोरण आहे, त्यात ईएमडी माफ, वार्षिक खरेदीतला २५ टक्के वाटा लघु उद्योगांकडून, त्यात ४ टक्के अनुसूचित जाती-जमातीच्या आणि ३ टक्के महिलांच्या उद्योगांकडून. पण हे केंद्राच्या खात्यांना आणि केंद्राच्या कंपन्यांना बांधील आहे, आणि तेही माल आणि सेवा यांच्यासाठी. राज्याच्या वीज कंपनीच्या लाइन उभारणीच्या कामाला उद्यमचं (लघु उद्योग नोंदणीचं) सर्टिफिकेट जोडून ईएमडी शून्य टाकली आणि डॉक्युमेंटमध्ये तशी सूट लिहिलेली नसेल, तर तुमचं पाकीट पहिल्या फेरीतच बाहेर. सूट आहे की नाही ते त्या टेंडरच्या पानावर शोधा, नाही सापडली तर प्री-बिडला विचारा, तेही नाही केलं तर गपचूप पैसे भरा.

ईएमडी जप्त कधी होते? मुदतीच्या आत तुम्ही बोली मागे घेतली, किंवा काम मिळाल्यावर करार केला नाही, किंवा खोटा कागद जोडला. करार कायदा म्हणतो की प्रस्ताव स्वीकारला जाईपर्यंत मागे घेता येतो, ते खरं आहे, पण टेंडरमध्ये जप्तीची अट असेल तर मागे घ्या आणि ईएमडी सोडा असा तो मामला होतो. म्हणून दर टाकायच्या आधी तारेचा, खांबांचा, डिझेलचा भाव नीट धरा. बिलो (अंदाजित दराच्या खाली) जायची जी चढाओढ आपल्याकडे लागलीय त्यात पंचवीस-तीस टक्के खाली जाऊन पोरं घरचं सोनं मोडतात, मनापासून सांगतो नका करू. फार बिलो गेलं तर जादा सुरक्षा ठेव मागायची अटही अनेक टेंडरमध्ये असते, ती आधी बघा.

भरण्याचा दिवस

डिजिटल सही क्लास ३ लागते, क्लास २ देणं २०२१ पासून बंद झालं. सही आणि एन्क्रिप्शन दोन्हीचं सर्टिफिकेट घ्या, आणि संपायची तारीख मोबाइलमध्ये टाकून ठेवा.

शेवटच्या दिवसावर ठेवू नका. चोपड्याच्या एका सायबर कॅफेत मी पावणेतीन वाजता डोंगल लावून बसलो होतो, तीनला बंद होणार, बाहेर लोडशेडिंग, इन्व्हर्टरची पिपपिप चालू, आणि स्कॅन केलेली फाइल मोठी म्हणून अपलोड अडकलेलं, वर्तुळ फिरतंय नुसतं. घड्याळ पोर्टलच्या सर्व्हरचं चालतं, आपल्या मनगटावरचं नाही. ते टेंडर गेलं. आता मी आदल्या दिवशी दुपारी भरून मोकळा होतो, स्कॅन कमी रिझोल्यूशनवर काळंपांढरं करतो आणि बीओक्यूच्या (दर भरायच्या तक्त्याच्या) फाइलचं नाव बदलत नाही, बदललं तर पोर्टल घेतच नाही.

भरून झाल्यावर पोर्टलवरची पावती पीडीएफ करून ठेवा. आणि तांत्रिक पाकिटात (पात्रतेच्या कागदांचं पाकीट, दराचं वेगळं असतं) कुठेही दराचा आकडा जाऊ देऊ नका, चुकून जोडलेल्या एका कोटेशनमुळेही बाहेर काढतात.

एक गोष्ट स्पष्ट लिहितो. चार जणांनी बसून 'हे तू घे, पुढचं मी' असं ठरवणं, एकमेकांना सपोर्टिंग टेंडर भरून देणं, याला गावात रिंग म्हणतात आणि सगळेच करतात म्हणून साधी गोष्ट वाटते. स्पर्धा कायदा २००२ च्या कलम ३ मध्ये बोलीतली संगनमत सरळ बेकायदा आहे. एकाच संगणकावरून, एकाच बँक खात्यातून दोघांची ईएमडी गेली की पुरावा तिथेच तयार होतो. आणि टक्केवारी मागितली तर? भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात २०१८ च्या दुरुस्तीनंतर देणाराही गुन्हेगार आहे, जबरदस्तीने द्यावी लागली असेल तर सात दिवसांत पोलिसांना किंवा तपास यंत्रणेला कळवलं तरच वाचतो. लाचलुचपत विभागाचा टोल-फ्री नंबर १०६४ आहे. देण्याआधी फोन करा, नंतर नाही.

उघडल्यावर: पहिले दहा दिवस

तांत्रिक पाकीट उघडलं, तुम्हाला अपात्र केलं. आता काय करायचं ते क्रमाने सांगतो, आणि दिवस मोजत सांगतो.

पहिल्याच दिवशी पोर्टलवरचा शेरा स्क्रीनशॉट काढून ठेवा, तारीख-वेळ दिसेल असा. त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी लेखी पत्र, की मला अपात्र ठरवण्याचं सविस्तर कारण द्या आणि दराचं पाकीट उघडण्याआधी माझं म्हणणं ऐका. 'उघडण्याआधी' हा शब्द महत्त्वाचा, कारण दर उघडले की तुमचं परत आत येणं जवळजवळ संपतं.

पत्रात मुद्दा कसा मांडायचा? दोन निकाल लक्षात ठेवा, वकिलाला सांगायला नाही, स्वतःचं डोकं लावायला. १९९१ चा पोद्दार स्टीलचा निकाल. रेल्वेच्या त्या टेंडरमध्ये ईएमडी रोख किंवा स्टेट बँकेच्या ड्राफ्टने मागितली होती, आणि एकाने युनियन बँकेचा मार्क केलेला चेक दिला. सर्वोच्च न्यायालय म्हणालं की अटी दोन प्रकारच्या, मूळ पात्रतेच्या आणि पूरक. पूरक अटीत थोडं इकडेतिकडे झालं तर योग्य प्रकरणात खातं सूट देऊ शकतं. देऊ शकतं, द्यायलाच पाहिजे असं नाही, हा फरक लक्षात घ्या. पण सूट एकाला दिली तर दुसऱ्याला नाकारता येत नाही. एका बोलीदाराला कागदाच्या कमतरतेवरून बाहेर काढलं आणि दुसऱ्याची तशीच कमतरता चालवून घेतली, असं एका कोळसा कंपनीचं प्रकरण २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि कोर्टाने दिलेलं काम रद्द केलं. भाच्याचं दुखणं नेमकं हेच होतं.

दुसरा निकाल १९७९ चा, मुंबईच्या विमानतळावरच्या हॉटेलच्या टेंडरचा. नोटिशीत पाच वर्षांच्या अनुभवाचा नोंदणीकृत द्वितीय श्रेणी हॉटेलवाला पाहिजे असं होतं, आणि काम दिलं ते त्या अटीत न बसणाऱ्याला. कोर्टाने ठणकावून सांगितलं की सरकारी संस्थेने स्वतः घातलेली अट स्वतःला मोडता येणार नाही. आज टेंडरच्या प्रत्येक खटल्यात हा निकाल येतो. पण लोक पुढचं सांगत नाहीत. एवढं सगळं म्हणूनही कोर्टाने तक्रारदाराला दिलासा दिला नाही, कारण तो महिने उलटल्यावर आला होता, तोवर काम घेणाऱ्याने खर्च करून ठेवला होता. हे वाचलं तेव्हा मला ते रस्त्यावर पडलेले खांबच दिसले.

युरोपात वीज-पाण्याच्या कंपन्यांसाठी वेगळे नियम आहेत, तिथे निकाल कळवल्यापासून करार करेपर्यंत किमान दहा दिवस थांबावंच लागतं, हरलेल्याला दाद मागायला म्हणून. आपल्याकडे असा सक्तीचा थांबा सरसकट नाही. आज एल-वन (सगळ्यात कमी दरवाला) जाहीर, परवा लेटर ऑफ अवॉर्ड, असं होऊ शकतं. म्हणून आपला थांबा आपणच पळून मिळवायचा.

माहिती अधिकार टाका, जरूर टाका, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून, एकच विषय आणि दीडशे शब्दांच्या आत, कारण महाराष्ट्राच्या नियमात तशी मर्यादा आहे. मागायचं काय तर तांत्रिक मूल्यांकनाचा तुलनात्मक तक्ता, समितीची टिपणी, आणि पात्र ठरलेल्यांनी जोडलेल्या अनुभवाच्या दाखल्यांच्या प्रती. 'व्यापारी गोपनीयता' म्हणून कलम ८ सांगतील, तर काम देऊन झाल्यावर तक्त्यात गोपनीय काय उरलं असं अपिलात मांडा. पण ३० दिवस उत्तराला, मग पहिलं अपील, मग माहिती आयोगाच्या नाशिक खंडपीठाकडे दुसरं, यात महिने जातात. माहिती अधिकाराच्या उत्तराची वाट बघत कोर्ट थांबवू नका.

कोर्ट म्हणजे हायकोर्ट, कलम २२६ ची रिट. आपल्या तिन्ही जिल्ह्यांना औरंगाबाद खंडपीठ, म्हणजे जळगावहून अजिंठ्याचा घाट नाहीतर चाळीसगावहून कन्नडचा. जाताना फाइलमध्ये पूर्ण टेंडर डॉक्युमेंट, सगळी शुद्धिपत्रकं, तुमची भरलेली कागदपत्रं, पावती, अपात्रतेचा स्क्रीनशॉट आणि पोच घेतलेली पत्रं तारखेप्रमाणे लावलेली न्या. काम दुसऱ्याला मिळालं असेल तर त्यालाही प्रतिवादी करावं लागतं.

तिथे काय मिळेल याचा खरा अंदाज ठेवा. १९९४ च्या टाटा सेल्युलर निकालापासून कोर्टाची भूमिका ठरलेली आहे, निर्णय बरोबर की चूक ते कोर्ट तपासत नाही, निर्णय कसा घेतला ते तपासतं. डिसेंबर २००६ च्या जगदीश मंडल निकालात दोन प्रश्न घालून दिले: प्रक्रिया दुष्ट हेतूने, कोणाला झुकतं माप द्यायला किंवा अगदीच मनमानी झाली का, आणि त्यात लोकहिताला धक्का बसतो का. त्यात २०१८ पासून विशिष्ट अनुतोष कायद्यात वीज-पाणी-रस्त्यासारख्या पायाभूत प्रकल्पांना मनाई हुकूम देण्यावर बंधन आलंय, आणि २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा बजावलं की अशा कामांना स्थगिती देताना हात आखडता घ्या. म्हणजे तुमचा दर दोन टक्के कमी होता एवढ्यावर भागणार नाही. नियम एकाला एक आणि दुसऱ्याला दुसरा लावला, हे कागदावर दाखवता आलं तर दम आहे.

आणि एल-वन आलात तरी पेढे लगेच वाटू नका. सगळ्यात कमी दर म्हणजे काम मिळायचा हक्क नाही, सबळ कारण असेल तर टेंडर रद्द होऊ शकतं. कारण मात्र लेखी असावं लागतं आणि मनमानी चालत नाही.

काम मिळालं: आता वही जपा

लेटर ऑफ अवॉर्ड आलं की मुदत सुरू. कामगारांचा पीएफ, ईएसआयसी, विमा हे बिलाच्या वेळी नाही, खांबावर माणूस चढायच्या आधी. एक वायरमन माझ्या डोळ्यांसमोर गेला आहे, परमिट (लाइन बंद करून काम करायची परवानगी) घेतलं असूनही शेजारच्या जनरेटरचा रिटर्न (उलटा करंट) आला होता, अर्थिंग रॉड लावलेला नव्हता. त्याच्या घरच्यांना विम्याचे पैसे मिळाले कारण नाव वेळेत टाकलेलं होतं. यावर तडजोड नको.

उशिराचा दंड, म्हणजे एलडी. सहसा आठवड्याला अर्धा टक्का आणि जास्तीत जास्त दहा टक्के असं लिहिलेलं असतं, तुमचं डॉक्युमेंट बघा. उशीर आपल्यामुळे झाला नसेल तर त्या दिवशीच पत्र द्यायचं. रावेर-यावल पट्ट्यात केळीचा बाग उभा असतो, शेतकरी खांब रोवू देत नाही, कापणी होईपर्यंत थांबावं लागतं. त्याचंही खरं आहे, वर्षाचं पीक आहे त्याचं. तर फोटो काढा, शेतकऱ्याचं दोन ओळींचं म्हणणं सहीनिशी घ्या आणि शाखा अभियंत्याला पत्र टाका की अमुक तारखेपासून जागा उपलब्ध नाही, मुदतवाढ द्यावी. परमिट मिळालं नाही, कंपनीकडून द्यायचा माल आला नाही, तेव्हाही तसंच. करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे दंड हा वाजवी भरपाईपुरताच, पण 'माझा दोष नव्हता' हे सांगायला त्या दिवशीचा कागद लागतो, दोन वर्षांनी आठवून चालत नाही.

मोजमाप पुस्तकात, एमबीत, नोंद झाली तेवढंच काम झालं असं धरा. जमिनीत गेलेलं काम, अर्थिंग, फाउंडेशनचं काँक्रीट, बुजवायच्या आधी संयुक्त मोजणी करून घ्या. तोंडी सांगितलेलं जादा काम लेखी मंजुरीशिवाय करू नका, साहेब बदलून जातात.

बिलातून इन्कम टॅक्सचा टीडीएस (मालक एकटा असेल तर १ टक्का, फर्म-कंपनीला २), जीएसटीचा २ टक्के टीडीएस, बांधकाम कामगार उपकर १ टक्का कापला जातो. टीडीएस तुमच्या खात्यात दिसतोय का ते दर तिमाहीला बघा.

काळ्या यादीची नोटीस आली तर घाबरून तोंडी माफी मागायला जाऊ नका. १९७४ पासून सर्वोच्च न्यायालयाचं म्हणणं आहे की बाजू मांडायची संधी दिल्याशिवाय काळ्या यादीत टाकता येत नाही, आणि २०१४ च्या निकालाप्रमाणे नोटिशीत काळ्या यादीत टाकण्याचा विचार आहे असं स्पष्ट दिसलं पाहिजे. मुदतीत लेखी उत्तर द्या, मुद्देसूद, पुराव्यासह.

पैसे अडकले तर

माल पुरवला असेल आणि ऑर्डरच्या आधीपासून उद्यम नोंदणी असेल तर २००६ चा एमएसएमई कायदा चांगला आहे. पैसे करारात ठरलेल्या मुदतीत आणि कसंही करून ४५ दिवसांत, नाहीतर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. फॅसिलिटेशन कौन्सिलकडे ऑनलाइन अर्ज करता येतो. कौन्सिलचा निवाडा पटला नाही तर वीज कंपनीला त्यातले ७५ टक्के भरूनच पुढे कोर्टात जाता येतं. लाइन उभारणीसारख्या वर्क्स कॉन्ट्रॅक्टला मात्र हा कायदा लावायला कोर्टांनी अनेकदा नकार दिलाय, त्यामुळे वकिलाला विचारून पाऊल टाका.

करारात लवादाची (कोर्टाबाहेर वाद सोडवणाऱ्या पंचाची) अट असेल आणि त्यात 'लवाद आमचेच साहेब नेमतील' असं असेल तर सही केली म्हणून अडकलो असं समजू नका. नोव्हेंबर २०२४ मध्ये पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने सांगितलं की सरकारी करारात एकतर्फी लवाद नेमायची अट समानतेच्या विरुद्ध आहे. हायकोर्टाकडून तटस्थ लवाद मागता येतो.

आणि सुरक्षा ठेव. दोषदायित्वाचा काळ (काम बिघडलं तर आपल्या खर्चाने दुरुस्त करायचा) कधी संपतो ती तारीख काम पूर्ण झाल्याच्या दाखल्यावरून काढा आणि घरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा, संपला की दुसऱ्या दिवशी मागणीचं पत्र. इथे लोक दरसाल स्मरणपत्रं देत राहतात आणि समजतात की आपला दावा जिवंत आहे. तसं नसतं. पैसे देय झाल्यापासून तीन वर्षांत दावा करावा लागतो, आणि आपल्या स्मरणपत्रांनी ती मुदत एक दिवसही वाढत नाही. ती मुदत संपायच्या आत त्यांनी सहीनिशी लिहून दिलं की हो, एवढी रक्कम देणं आहे, तर त्या तारखेपासून नवी तीन वर्षं मिळतात. म्हणून स्मरणपत्रात नुसतं 'पैसे द्यावेत' लिहू नका, 'आमची देय रक्कम किती आहे ते लेखी कळवावे' असं लिहा, आणि आलेलं उत्तर लॅमिनेट न करता मूळ प्रतच प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये ठेवा, कोर्टात मूळ प्रत बघतात.